गावभागातला फोटो स्टुडिओ: कारखान्यातले जुने फोटो दुरुस्तीला द्यायचे असतील तर इथं द्या

सांगलीत जुने फोटो नीट करून देणारी दुकानं काय कमी नाहीत, हरभट रोडपासून विश्रामबागपर्यंत कुठंही जा, पासपोर्ट फोटोच्या पाटीखाली "जुने फोटो नवे करून मिळतील" लिहिलेलं असतंच. पण तुमच्याकडचा फोटो कारखान्यातला असेल, म्हणजे मशीनजवळ उभा असलेला माणूस, फाउंड्रीतली टोळी, अख्ख्या खात्याचा ग्रुप फोटो असलं काही, तर मी म्हणेन गावभागातल्या या स्टुडिओतच द्या. थोडं सविस्तर लिहितेय कारण असे फोटो आपल्या जिल्ह्यात घरोघरी ट्रंकेत पडलेत आणि ते चुकीच्या हातात गेले की काय होतं ते मी बघितलंय.

आमचे आजोबा, आईचे वडील, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारे. त्यांचे कामावरचे फोटो दोनच आहेत, एक लेथजवळ उभे असलेला आणि एक खात्याचा ग्रुप. लग्नामुंजीचे फोटो सगळ्यांकडं असतात हो, पण माणूस उभं आयुष्य जिथं राबला तिथला फोटो फार थोड्या घरात सापडतो. तेव्हा कामगाराच्या हातात कुठला आलाय कॅमेरा, कंपनीनं फोटोग्राफर बोलवला तर फोटो, नाहीतर कोणी साहेब रिटायर झाले की निरोपाला सगळे रांगेत बसायचे तेव्हा. त्यामुळं हे दोन फोटो आमच्याकडं दागिन्यांच्या डब्यात असतात, खरंच.

लेथचा फोटो आधी मामानं दुसऱ्या एका दुकानात दिलेला. नाव लिहीत नाही. दोन दिवसात फोटो हातात, एकदम चकाचक, पाठीमागची भिंत गुळगुळीत, आजोबांचा चेहरा असा की आई बघतच राहिली आणि म्हणाली हे आमचे दादा नव्हेत. गाल भरलेले, डोळे मोठे, कपाळावरची आठी गायब. पायात बूट! आजोबा खात्यात अनवाणी असायचे, मूळ फोटोत अनवाणीच आहेत, पण कॉम्प्युटरला वाटलं असणार पायाच्या जागी काहीतरी काळपट दिसतंय तर बूटच असेल. उजव्या हातात कॅलिपर होता, माप घ्यायचा, त्याचा चिमटा झालेला. लेथच्या बिडाच्या बॉडीवर ओतीव अक्षरं होती ती तर कुठल्याच भाषेतली राहिली नाहीत. हल्ली मोबाईलवरच्या ॲपमध्ये एक बटण दाबलं की फोटो "क्लिअर" होतो ना, तोच प्रकार, फक्त पैसे घेऊन. त्या ॲपना माणसांचे चेहरे लाखांनी माहीत आहेत, पट्ट्यावर चालणारा लेथ माहीत नाही, मग जिथं कळत नाही तिथं ते मनानं काहीतरी भरतात आणि आपण त्याला दुरुस्ती म्हणतो.

मूळ प्रिंट सुदैवानं जशीच्या तशी परत मिळाली, ती घेऊन मी या स्टुडिओत गेले.

स्टुडिओ जुना आहे, काका डार्करूमच्या काळातले, निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग करायला शिकलेले. आता कॉम्प्युटरचं काम त्यांची मुलगी, आम्ही तिला ताई म्हणतो, बघते आणि ती त्या कामात लय तरबेज आहे. पहिली गोष्ट आवडली ती ही की फोटो हातात घेतल्यावर किंमत सांगायच्या आधी काकांनी तो खिडकीपाशी नेऊन तिरका धरून बघितला. तिरक्या उजेडात काय काय दिसतं बघा, माउंटच्या, म्हणजे फोटो चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या, कोपऱ्यातला फोटोग्राफरचा दाबलेला शिक्का, पाठीमागं कधीतरी लिहून पुसलेलं नाव, आणि कडेला निळसर चांदी वर आलेली. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटमध्ये चित्र चांदीचंच असतं, दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की ती चांदी पृष्ठभागावर येऊन आरशासारखी चमकते. असा फोटो साध्या स्कॅनरवर टाकला की ती चमक पांढऱ्या ढगासारखी येते आणि मग तो ढग पुसायच्या नादात खालचं चित्रपण पुसलं जातं. म्हणून यांनी तो स्कॅनरवर टाकलाच नाही, स्टँडवर कॅमेरा लावून, दोन्ही बाजूनं तिरके दिवे ठेवून, दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चमक मारणारे फिल्टर, लावून कॉपी केला. काळ्या सावलीत आधी काहीच दिसत नव्हतं तिथं लेथच्या खालचं लोखंडी कीस पडलेलं दिसायला लागलं.

आता मुख्य गोष्ट. दुरुस्तीला हात लावायच्या आधी ताईनं फोटोची मोठी साधी प्रिंट काढून माझ्यापुढं ठेवली, त्यावर लाल पेन्सिलीनं गोल केलेले आणि प्रत्येक गोलाशेजारी प्रश्न. हा डाग का भोक? ही चीर का तार? हा पट्टा का घडी? घरी जाऊन आईला विचारा, नातेवाइकांत कोणी मशीनवर काम केलेलं असेल तर त्यांना दाखवा, घाई नाही. मी आयुष्यात कुठल्या दुकानात असं बघितलं नव्हतं.

ज्या गोलानं सगळ्यात जास्त चर्चा झाली तो आजोबांच्या डोक्याच्या वरचा. तिथं प्रिंट दुमडून एक तिरकी चीर गेलीय आणि तिच्या शेजारूनच आणखी एक तिरकी काळी पट्टी जाते. आधीच्या दुकानानं दोन्ही पुसलेल्या. काकांच्या ओळखीचे माधवनगरचे एक रिटायर्ड टर्नर आहेत, त्यांना काकांनी स्वतःहून बोलवून घेतलं. त्यांनी चष्मा वर करून एकदाच बघितलं आणि म्हणाले, "ताई, ही चीर न्हवं, हा क्रॉस पट्टा हाय. ह्यो काढला तर मशीन उलटं कसं फिरंल?"

मग त्यांनी समजावून सांगितलं ते इथं लिहिते कारण असे फोटो असणाऱ्या सगळ्यांना उपयोगी पडेल. जुन्या खात्यात प्रत्येक मशीनला वेगळी मोटर नसायची. छताखाली एक लांब शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, तो एका इंजिनवर नाहीतर एका मोठ्या मोटरवर फिरायचा, आणि त्याच्यावरून चामड्याचे पट्टे खाली उतरून एकेक मशीन चालवायचे. लेथला बऱ्याचदा दोन पट्टे, एक सरळ आणि एक मध्ये पीळ देऊन इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा घातलेला. सरळ पट्ट्यावर मशीन सुलटं, पीळ दिलेल्यावर उलटं. आटे पाडताना टूल परत मागं आणायला उलटी चाल लागायची, म्हणून दोन्ही पायजेत. आणि शेजारी एक फिक्स पुली, एक सैल पुली, मशीन थांबवायचं तर काठीनं पट्टा सैल पुलीवर सरकवायचा, ती नुसतीच फिरते, शाफ्ट आपला फिरतच राहायचा. फोटोत ती काठी पण आहे, आम्ही इतकी वर्षं तिला भिंतीला टेकवलेला बांबू समजत होतो.

त्यांनी आणखी एक दाखवलं. पट्ट्यावर एका जागी आडवी शिवण दिसते, चामड्याच्या वादीनं ओवलेला जोड. आधीच्या दुकानानं तीपण डाग म्हणून काढलेली. जोड इतका स्पष्ट दिसतोय म्हणजे पट्टा हलत नव्हता, पट्टा हलत नव्हता म्हणजे वरचा शाफ्टच बंद होता, म्हणजे एकतर सुट्टी झालेली असणार नाहीतर फोटोसाठी अख्खं खातं थांबवलं असणार. एका आजोबांच्या फोटोसाठी खातं थांबवलं असेल हे आईला इतकं भारी वाटलं की तिनं त्या टर्नरकाकांना तिथंच बसवून घेतलं आणि आपल्या वडिलांबद्दल तासभर सांगत राहिली. त्यांनीही ऐकलं. स्टुडिओत गिऱ्हाईक खोळंबलेलं, तरी काका काही बोलले नाहीत.

शेवटी जो फोटो झाला त्यात चिरा गेल्या, बुरशीचे ठिपके गेले, फिकटलेला काळा रंग परत आला, आणि बाकी सगळं होतं तसंच. आठी आहे. अनवाणी पाय आहेत, नखं काळी आहेत. कॅलिपर कॅलिपरच आहे. एका कोपऱ्यात प्रिंटचा तुकडाच पडून गेलाय, तिथं नवीन काही भरलं नाही, फक्त डोळ्याला टोचू नये इतपत राखाडी टोन दिला. ताई म्हणाली तिथं काय होतं ते कोणालाच माहीत नाही तर मी कशाला काढू. मला हे फार पटलं.

ग्रुप फोटोची गोष्ट वेगळी. तो फ्रेममध्ये मामाच्या घरी भिंतीवर होता आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात बुडाला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७ फुटाच्या वर गेलेलं, या भागात काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. पाणी ओसरल्यावर फोटो काचेला घट्ट चिकटून वाळलेला. प्रिंटवरचा थर जिलेटिनचा असतो, भिजला की फुगून मऊ होतो आणि काचेला लागूनच वाळला की काच हीच त्याची कातडी. ओढला की चेहरे काचेवर राहतात आणि कागद हातात येतो. काकांनी तो सोडवायचा प्रयत्नच केला नाही, काचेसकट कॉपी केला. पुरात या स्टुडिओतसुद्धा पाणी शिरलेलं, तेव्हापासून मशीन आणि गिऱ्हाइकांचे फोटो सगळं वरच्या मजल्यावर, आणि बुडालेले फोटो इतके आले की त्यांचा या कामात हातच बसला. त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवा, पुन्हा वेळ येऊ नये पण आली तर: प्रिंट अजून ओली असेल तर वाळू देऊ नका, स्वच्छ थंड पाण्यात हलकेच बुडवून चिखल जाऊ द्या, एकमेकांना चिकटलेल्या प्रिंट पाण्यातच आपोआप सुटतील तेवढ्याच सोडवा, मग चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. तेवढा वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी थांबते आणि नंतर निवांत करता येतं. उन्हात टाकू नका आणि हेअर ड्रायर तर अजिबात नको.

या ग्रुप फोटोत पुढं मुलं मांडी घालून बसलीत, मग खुर्च्यांवर साहेब लोक, मागं तीन रांगा उभ्या, शेवटची बहुतेक बाकांवर. मागच्या रांगेत एक पोरगा ऐन वेळी हललाय, त्याचा चेहरा दोनदा उमटलाय. तिथंही ताईनं हात लावला नाही. आई म्हणते तो कोण ते आम्हाला माहीत आहे, आणि हललेला आहे म्हणूनच ओळखू येतो, एका जागी कधी उभा राहिलाच नाही तो. खाली माउंटवर नावं छापलीत ती फक्त खुर्चीवाल्यांची. बाकीच्या माणसांना नावच नाही. स्टुडिओनं फोटोसोबत एक वेगळा कागद छापून दिला, प्रत्येक माणसाची नुसती बाह्यरेषा आणि त्यात नंबर, म्हणजे नातेवाइकांना विचारून नंबरपुढं नावं भरता येतात. आमची अर्धीअधिक भरली. पलूस, कुंडल, रामानंदनगर, जिथं जिथं वाडीच्या जुन्या माणसांची घरं आहेत तिथं हा कागद फिरतोय आणि लोक फोन करून सांगतात, अमुक नंबर आमचे चुलते.

लेथच्या फोटोचं साल कुठंच नव्हतं. काकांनी शिक्का वाचून काढला, फोटोग्राफरच्या गावाखाली "जि. दक्षिण सातारा" असं होतं. हा जिल्हा १९४९ ला झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे फोटो बहुतेक त्या अकरा वर्षांतला. तुमच्याकडच्या फोटोंच्या माउंटवर पण बघा, "दक्षिण सातारा" असेल तर बहुतेक हीच वर्षं. त्याच्या आधीचे असतील तर औंध संस्थान, सांगली संस्थान असं काही सापडतं, कारण किर्लोस्करवाडी मुळात औंध संस्थानात, बेळगावहून जागा सोडावी लागल्यावर १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्कर औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर कुंडल रोड स्टेशनजवळ आले. निवडुंगाचा माळ होता तो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तिथं नांगराचे फाळ, चरक, पंप ओतले त्यांच्या घरातले फोटो म्हणजे आपल्या जिल्ह्याचा इतिहास आहे.

रंगीत करून देता का, असं मी विचारलेलं, आईची हौस. काका नको म्हणाले आणि कारण दाखवलं. शेजारच्या टेबलावर कराडच्या कोणाचा तरी फोटो होता, ओगलेवाडीच्या काचकारखान्यातला, तोच १९१६ चा ओगल्यांचा कारखाना, प्रभाकर कंदीलवाला. भट्टीसमोर माणूस फुंकणी तोंडाला लावून उभा, फुंकणीच्या टोकाला काचेचा फुगा. त्याच्या डोक्याला काळाकुट्ट फेटा. काका म्हणाले हा फेटा काळा नसेल, लाल असू शकतो. तेव्हाच्या बऱ्याच प्लेटना, म्हणजे फिल्मच्या जागी वापरायच्या काचांना, लाल रंग दिसतच नसे, लाल वस्तू काळी यायची आणि निळी पांढुरकी. मग रंग भरणारा काय भरणार, काळाच ना. त्याच फोटोत भट्टीच्या तोंडाभोवती धूसर पांढरं वलय आहे, तेही डाग नव्हे, भट्टीचा उजेड काचेच्या प्लेटच्या मागच्या बाजूवरून परतून पुन्हा उमटलेला. ते पुसलं की भट्टी विझल्यासारखी दिसते, भट्टी विझवायची नाही असं ताईनं त्या फोटोच्या पाकिटावर लिहूनच ठेवलेलं. गंमत बघा, लक्ष्मणराव किर्लोस्करांना स्वतःला रंग नीट ओळखू यायचे नाहीत, म्हणून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतली रंगचित्रकला सोडून ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले. आईला हे सांगितल्यावर तिनं रंगाचा हट्ट सोडला.

प्रिंटबद्दल. मॅट कॉटन कागदावर काढून देतात, पिगमेंट शाईची, लॅमिनेशन करून मागितलं तरी करत नाहीत. फ्रेममध्ये काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या चौकटीची जाडी सोडतात म्हणजे पुन्हा चिकटायचं भय नाही. मूळ प्रिंट वेगळ्या ॲसिड नसलेल्या पाकिटात परत. पेनड्राइव्हवर दोन फाइली, एक हात न लावलेली कॉपी आणि एक दुरुस्त केलेली, दोन्ही टिफ, म्हणजे बारकावे न गमावणाऱ्या मोठ्या फाइली, शिवाय व्हॉट्सॲपवर पाठवायला छोटी जेपेग. हात न लावलेली फाइल मागितल्याशिवाय देणारं दुकान मला दुसरं माहीत नाही, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची फाइल, उद्या आणखी चांगलं तंत्र आलं तर पुन्हा तिथूनच सुरुवात करता येते.

खटकलेल्या गोष्टी पण लिहायला पायजेत. वेळ लय लागतो. लग्नाच्या सीझनमध्ये तर विचारूच नका, आमचं काम तेव्हा पूर्ण थांबलेलं आणि ते फोन करून कळवत नाहीत, आपणच जाऊन विचारायचं. दुपारी एक ते चार बंद. गल्ली अरुंद, चारचाकी नेऊ नका, लांब लावून चालत जा. वरच्या मजल्याचा जिना उभा आहे, आईला चढवायला त्रास झाला, वयस्कर माणूस सोबत असेल तर आधी सांगा, ते खाली येऊन बघतात. दर स्वस्त नाहीत, नुसत्या कॉपीचे कमी आहेत पण दुरुस्तीचे फोटो बघून सांगतात आणि ग्रुप फोटोला चांगलेच लागतात कारण चेहरे पन्नाससाठ. माझं मत, पैसे कमी असतील तर दुरुस्ती नंतर करा, कॉपी मात्र आत्ताच करून घ्या, चांदी वर येत राहते आणि बुरशी काही थांबत नाही.

फोटो नेताना चिकट अल्बममधला असेल तर घरी ओढून काढू नका, ज्याच्यात प्लास्टिकखाली डिंकाच्या रेघा असतात ना, त्या अल्बमसकट न्या, ते पातळ दोऱ्यानं सोडवतात. पाठीमागं नाव लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलनं, बॉलपेन उमटतो. आणि घरात कोणी त्या कारखान्यात काम केलेलं जिवंत असेल तर त्यांना बरोबर न्या, किर्लोस्करवाडी, ओगलेवाडी, सातारारोडचा कूपर, साखर कारखाना, कुठलाही असू दे. सकाळी अकराच्या आत गेलात तर काका मोकळे असतात.